राहिलेला सत्कार

ठरलेलं

दिवे मालवतील. पडद्यावर रान येईल, रानात मेंढरं, मेंढरांमागे गोपिकाबाई. बारा मिनिटं कुणी काही बोलणार नाही. मग दिवे लागतील आणि मोनिका उभी राहून सांगेल की हा नुसता तुकडा आहे. आख्खा सिनेमा दीड तासाचा आहे, तयार आहे, आणि त्याला थेटरापर्यंत नेणारं माणूस हवंय.

आणि समोरच्या खुर्च्यांमधून कुणीतरी म्हणेल: पूर्ण पाठवा.

हे दोन शब्द. मोनिकाला एवढंच हवंय. सिनेमा होऊन वर्ष झालं. तो एका हार्डडिस्कवर आहे, हार्डडिस्क ओढणीत गुंडाळून पिशवीत आहे, आणि मेलना उत्तर येत नाही. म्हणून हा जालन्यातला मेळावा. स्वतःच्या हिमतीवर सिनेमे करणारी पोरंपोरी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मुंबई-पुण्याचे निर्माते, वितरक, महोत्सवांसाठी सिनेमे निवडणारे. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. त्यात दाखवा, बोला, काय करायचं ते करा. घंटा वाजली की पुढचा.

आवाजाचं काम सोहेबचं. तो जुन्या जालन्यातला, लग्नाला आणि उरुसाला स्पीकर लावणारा. सिनेमातला सगळा आवाज त्यानेच मेंढरांमागे चालत पकडलेला. सकाळपासून तो सभागृहाच्या मागच्या भिंतीला दोन स्पीकर टांगत होता.

"समोरून तर सगळेच ऐकवतेत," तो म्हणाला. "आपण मागून ऐकवू."

असं ठरलं होतं.

झालेलं

"हॅलो. हॅलो. माइक चेक. मागं आवाज येऊन राह्यला का?"

हा भागवत. मोनिका मंचावर चढली तसा तो तिच्या मागोमाग चढला, आणि निवेदकाने तिच्यासमोर धरलेला माइक मधल्या मध्ये त्याच्या हातात गेला.

मोनिकाच्या गावात, केदारखेड्यात, कुणाचाही कार्यक्रम असो, माइक भागवतकडे असतो. मोनिकाच्या सिनेमात त्याने ट्रक ड्रायव्हर केलाय, म्हणून तिने त्याला बोलावलं. आणि गोपिकाबाईला, म्हणजे तिच्या मोठ्या मायला, थोरल्या चुलतीला, कारण आख्खा सिनेमाच तिच्यावर आहे. बोलावलं दोघांना. आली पिकअप भरून. घरची, भावकीतली, शेजारची. गोपिकाबाईचा नवरा धुळाजी तेवढा आला नाही. मेंढरांपाशी कुणीतरी राहावंच लागतं.

भागवतच्या हातात कापडाच्या दुकानातली फुगलेली पिशवी आहे.

"तर आपल्या जिल्ह्यात आलेल्या थोर पाहुण्यांचा..."

"भागवतभाऊ," मोनिका ओठ न हलवता म्हणाली, "आता न्हाई. पाया पडते."

भागवतने माइकवर पंजा ठेवला. "गप ना मोने. पाहुणे बिनासत्काराचे बसलेत. लोक काय म्हणतील? जल्दी उरकतो." पंजा काढला. "...यथोचित सत्कार झाल्याशिवाय कार्यक्रमाला शोभा नाही!"

पिकअपमधून आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मोनिकाची पंधरा मिनिटं सुरू झाली होती.

सत्कार

दिवे चालू. पडद्यावर लॅपटॉपचा बाण, मधोमध थांबलेला.

"सिनेसृष्टीत ज्यांचं फार मोठं नाव आहे असे... नाव सांगा साहेब... हां, यांचा सत्कार आमच्या गावचे ज्येष्ठ नागरिक रामकिसन आप्पा यांनी टॉवेल-टोपी देऊन करावा, अशी मी त्यांना विनंती करतो!"

रामकिसन आप्पा तिसऱ्या रांगेत उठतात. खुर्चीखाली चपला शोधतात.

(बारा मिनिटांचा तुकडा आता बसत नाही. बाजाराचा प्रसंग काढला तर बसेल.)

"टाळ्या!"

निर्मात्याच्या डोक्यावर पांढरी टोपी. लहान पडतेय. तो हसतो, कारण कुणीतरी फोटो काढतंय.

"यानंतर..."

(बाजार गेला. ट्रकही काढावा लागेल. म्हणजे भागवत स्वतःच कापला जाणार. त्याला पत्ता नाही.)

"फोटो हलला का? टोपी परत घाला साहेब. आप्पा, कॅमेऱ्याकडं पाहा. आप्पा! तिकडं न्हाई, हिकडं!"

(रानातली सकाळ गेली.)

"नारळ? अरे नारळ कुठंयत? पिकअपमधी राह्यले? मंग पळ की!"

(धनगरवाड्यातलं भांडण गेलं. सिनेमात सगळ्यात चांगलं तेच होतं.)

कुणाचंही नाव सुटता कामा नये, ही भागवतची शिस्त. एक नाव सुटलं की ते घर वर्षभर बोलत नाही. त्याने ते सोसलंय. म्हणून तो ओळीने चालला होता. संयोजकाने घड्याळ दाखवलं, तर भागवतने त्यालाही टॉवेल दिला.

माइक मोनिकाच्या हातात आला तेव्हा जेमतेम एका प्रसंगापुरता वेळ उरला होता.

ती सोहेबच्या टेबलाशी धावली.

"बोगदा लाव."

"सिर्फ बोगदा?"

"हां."

"मोनिका, त्यात काहीच दिसत न्हाई. आगापिछा माहीत नसलेल्या माणसाला..."

"लाव म्हणते ना."

बोगद्याचा प्रसंग काढून टाक, असं तिला आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं. पुण्यातला एक जाणकार म्हणाला होता, एवढा वेळ काळा पडदा ठेवलास तर लोकांना वाटेल, लाइट गेली.

दिवे मालवले.

बोगदा

नवा महामार्ग. दोन्ही बाजूंना कुंपण. मेंढरांना पलीकडच्या रानात जायला त्याच्या पोटातून एकच वाट. गोपिकाबाई कळपापुढे आत शिरते. कॅमेरा मेंढरांच्या पाठींवरून आत शिरतो.

पडदा काळा.

खुरं. आधी मातीवर, मग सिमेंटवर.

वरून एक ट्रक जातो. छत गुरगुरतं.

घंटा. एक जाड, बाकीच्या बारीक. भिंतीला आपटून दुप्पट होतात.

टॉक. टॉक. गोपिकाबाईची जीभ टाळ्याला. या, या, मी हितंच हाय.

खुरं.

घंटा पुढे.

खुरं पुढे.

सभागृहाच्या मागे, दाराच्या बाजूने: म्हॅं.

एकदाच. बारीक. कोकराचं.

घंटा आणखी पुढे.

म्हॅं.

"अगं मागं राह्यलं!" अंधारात द्वारकाबाई ओरडली. ती गोपिकाबाईची शेजारीण, जन्मभर मेंढरांमागे फिरलेली. "गोपिका, मागं राह्यलं की एक!"

"गप, पिक्चर हाय," आप्पांचा आवाज.

"पिक्चर असू दे. राह्यलंय ना!"

म्हॅं.

आता खुर्च्या करकरल्या. काळ्या पडद्याकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळं सभागृह मागे वळलं होतं. पांढऱ्या टोप्याही वळल्या होत्या. आणि मागच्या भिंतीशी, सोहेबच्या स्पीकरखाली बसलेली एक बाई चक्क उठली आणि तिने दार उघडून बाहेर पाहिलं.

बाहेरचा उजेड पट्टीसारखा आत आला. दारात कोकरू नव्हतं.

त्याच वेळी पडद्यावरही उजेड आला. बोगद्याचं दुसरं तोंड. कळप रानात सांडतो. गोपिकाबाई थांबते, वळते. अंधारात, जिथे सगळी बसली आहेत तिथे बघते.

घंटा.

ही सिनेमातली नव्हती. संयोजकाची होती.

पुढचा

"गोड," टोपीवाला निर्माता मोनिकाशेजारून जाताना म्हणाला. "छान आहे. गोड आहे." आणि फोनवर बोलायला गेला. दुसऱ्याने अंगठा दाखवला. तिसऱ्याने टॉवेलाने घाम पुसला.

पूर्ण पाठवा, असं कुणी म्हणालं नाही.

बाहेर व्हरांड्यात जेवणाची मांडामांड चालली होती. मोनिका खांबाला टेकून उभी राहिली. भागवत आनंदात आला.

"कसा झाला सत्कार?"

"चांगला झाला. पिक्चर काहून दाखवलं मंग? तुझा सत्कारच दाखवला असता आख्खा."

भागवतचं तोंड उतरलं. "म्या तुझ्यासाठीच तर केलं. खर्चा केला. माणूस रिकाम्या हातानं मागायला जात न्हाई मोने."

"बिलकुल बराबर," सोहेब मध्ये पडला. "पण भागवतभाऊ, आधी मागून मंग टोपी घालायची असती. तुम्ही उलटं केलं."

मोनिका हसली नाही. तिच्या डोक्यात परतीची बस सुरू झाली होती. पुणे, दुसऱ्यांच्या लग्नाचे व्हिडिओ कापणं, हार्डडिस्क पुन्हा कपाटात.

गोपिकाबाई एवढा वेळ व्हरांड्यातल्या माणसांकडे बघत होती, जशी कळपाकडे बघते.

"भागवता," ती म्हणाली, "एक राह्यलं."

"काय राह्यलं?"

"ती दार उघडलेली बाई. तिला तू कायीच दिलं न्हाई."

भागवतने व्हरांडाभर नजर फिरवली. रिकामी पिशवी उघडून पाहिली. त्याचा चेहरा असा झाला की मोनिकाला आपला राग बाजूला ठेवून त्याला खुर्ची द्यावी लागली.

"उशिरा आली असंल," तो पुटपुटला. "माझ्या हातून नाव सुटलं. माझ्या हातून!"

शेवट

ती बाई जेवणाच्या रांगेत होती. गळ्यातल्या पाटीवर नाव: प्रीती. काम: वितरण. लहान सिनेमे घेऊन थेटरांत लावणारी, हे सोहेबने फोनवर शोधून सांगेपर्यंत गोपिकाबाई तिच्यापुढे जाऊन उभीसुद्धा राहिली होती.

"बाई, तुमचा सत्कार राह्यला. राग धरू नका. बाईमाणसाला टोपी घालता येत न्हाई, ओटी भरावी लागती. सामान आणलं न्हाई आम्ही."

प्रीतीने ताट खाली ठेवलं. "मावशी, त्या कोकरामुळे मी भर सभागृहात दार उघडलं. माझ्या शेजारचा माणूस अजून हसतोय. सत्कार राहू द्या, ते कोकरू सापडतं का, तेवढं सांगा."

"ते सांगता येत न्हाई."

"का?"

"बेल-भंडारा उचललाय."

प्रीतीला कळलं नाही. मोनिका पुढे झाली. शूटिंगच्या पहिल्या दिवशी तिनेच सगळ्यांना देवापुढे बसवून हातात बेल आणि भंडारा देऊन शपथ घातली होती: शेवट कुणालाही सांगायचा नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, गंमत म्हणून बरं. पण भंडारा गंमत म्हणून उचलत नाहीत. गावाला शेवट माहीत नाही. भागवतला त्याच्या ट्रकपुढचं माहीत नाही. धुळाजी वर्षभर रोज जेवताना विचारतो आणि गोपिकाबाई रोज त्याच्या ताटात भाकरी टाकते.

"ठीक आहे," प्रीती मोनिकाकडे वळली. आता तिचा आवाज कामाचा होता. "मावशींचं समजलं. तुम्ही सांगा. मला दिवसाला ढीगभर सिनेमे येतात. शेवट ऐकल्याशिवाय मी कुणाचाच मागवत नाही. दोन ओळींत सांगा, मग ठरवते."

दोन ओळी. मोनिकाच्या तोंडात त्या तयार होत्या. मुंबईला पाठवलेल्या प्रत्येक मेलसाठी तिने त्या लिहिल्या होत्या आणि पाठवायच्या आधी प्रत्येक वेळी पुसल्या होत्या.

गोपिकाबाई तिच्याकडे बघत होती. सोहेब बघत होता. भागवत तर कान देऊन उभा होता, कारण त्यालाही ऐकायचं होतं.

"न्हाई सांगता येत," मोनिका म्हणाली.

"सिनेमा तुमचाच आहे ना?"

"माझाच. पण मी पण उचललाय. सगळ्यांत आधी."

सोहेबने डोळे मिटले.

प्रीतीने ताट उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"म्हणजे ते कोकरू आता माझ्या डोक्यात ओरडत राहणार."

"हां. इलाज न्हाई."

"पूर्ण पाठवा."

मोनिकाला ते ऐकू आलं, पण समोरून नाही. कुठून तरी मागून आल्यासारखं वाटलं. ती काही बोलायच्या आत गोपिकाबाई बोलली.

"पाठवायचं कशाला? तुम्हीच या की. पिक्चर आमच्या घरच्यानं पण पाह्यलं न्हाई. त्याला मेंढरं सोडून कुठं जाता येत न्हाई, मंग पिक्चरनंच तिकडं जायला पाह्यजे. रानात पडदा लावू. आन् तुमचा सत्कार राह्यलाय, तो कुठं करायचा? जालन्यात व्हय?"

"मी पडद्याचं पाहतो," सोहेब म्हणाला.

"माइक माझ्याकडं," भागवत म्हणाला.

"न्हाई!" तिघं एकदम म्हणाली, आणि प्रीती चौथी.

मग सगळेच हसले. भागवतही, जरा उशिराने.

"येते," प्रीती म्हणाली. "पण आधी पिक्चर, मग सत्कार. आणि आवडला नाही तर तोंडावर सांगेन, ओटी भरलीत तरी."

"सांगा," मोनिका म्हणाली. तिने दोन्ही हात ओढणीतल्या हार्डडिस्कवर दाबून धरले.

फोन

गोपिकाबाईला फोन कानाला लावून बोलायची सवय नाही. ती तो भाकरीसारखा तळहातावर धरते, त्यामुळे धुळाजीचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. मागे मेंढरं.

"कोण बाई?"

"मुंबईची. पिक्चर पाह्यला येऊन राह्यली. आपल्याकडं, रानात."

"येऊ दे. मेंढरं बसवलेल्या रानात उग्गं खुंट्या ठोकू नका म्हणा, पाय मोडंल एखाद्याचा. पडदा बाभळीला बांधा." थोडा वेळ नुसती मेंढरं. "आन् मी म्हणतो, ते कोकरू... सापडतंय का?"

गोपिकाबाईने प्रीतीकडे पाहिलं. प्रीतीही ऐकायला पुढे वाकली होती.

"आल्यावर पाहा," गोपिकाबाई म्हणाली, आणि फोन मोनिकाकडे दिला, कारण तो बंद कसा करायचा ते तिला कधीच जमत नाही.