नारळ फुटायच्या आत

दामाजीचा हात गळ्यात बांधलेला होता, पण पायांना काही चैन नव्हतं. ओटीवरून दारात, दारातून पुन्हा ओटीवर. बाळकुमच्या त्या कोळीवाड्यात ब्याण्णव साल उजाडलं तरी रीत जुनीच: भांडण झालं की आधी पंच. दोघांनी देवीपुढे नारळावर हात ठेवायचा. नारळ फुटला की भांडण मेलं. त्यानंतर जो चौकीत जाईल तो गावाला मेला. आणि मारणारा तानाजी तर पंचांचाच पुतण्या! निवाडा कुठं झुकणार, ते शेंबडं पोरही सांगेल.

परवा तानाजीने आणि त्याच्या दोन दोस्तांनी दामाजीला पंढरीचा हात धरून खाडीकाठी बसलेलं पाहिलं. पंढरी निसटला, दामाजी सापडला. शिव्या देत त्यांनी वल्ह्याने त्याचा हात मोडला. पंच समजावून गेले, घसरून पडलो म्हण, झाकली मूठ राहील. चौकीत गेलास तर पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांचं कलम तुझ्यावरच लागेल. तेही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

नारळ मार खाल्लेल्याच्या घरून न्यायचा. तो घेऊन आत्या, मनुबाई, बाहेर आली. तीस वर्षं ठाण्याच्या बाजारात मासळी विकलेली बाई. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. दामाजीने तिलाही तेच सांगितलं होतं, घसरून पडलो.

"घसरलास, तं पाठीवर वल्ह्याचे वळ कशाचे?" ती म्हणाली. "पंढरीचं मना ठाव हाय. कवाचं."

दामाजीला रडूच कोसळलं. इतकी वर्षं जिला भ्याला, तिलाच सगळं ठाऊक! तिने त्याला पोटभर रडू दिलं. मग नारळ टोपलीत टाकला आणि त्याला घेऊन, देवळाकडे न वळता तडक चौकीचा रस्ता धरला. पारावर बसलेल्या पंचांनी हाक मारली. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

का मारलं, हवालदाराने विचारलं. दामाजीच्या जिभेवर चोरी हा शब्द आला होता. सोपा होता, कुणालाही पटला असता.

"मी एका पुरुषावर प्रेम करतो, म्हणून," तो म्हणाला.

हवालदाराने पेन खाली ठेवलं. हे लिहिलं तर तूच अडकशील, असं बजावून त्याने त्या दुसऱ्याचं नाव विचारलं. मनुबाईने बाकावर फतकल मारली. लिहून होईस्तोवर आपण हलणार नाही, आजचा बाजार बुडाला तरी बेहत्तर, असं तिने सांगून टाकलं.

दामाजीने चांगल्या हाताने पेन उचलून हवालदारापुढे धरलं.

"त्याचं नाव मिळणार नाही," तो म्हणाला. "मारणाऱ्यांची तिन्ही लिहा. आणि त्यांच्या वर माझं लिहा."