अक्काच्या नाकातलं पाणी

दानम्मा माझी मोठी जाऊ. मी तिला अक्का म्हणते. गदगमध्ये बेटगेरीच्या रस्त्याला आमचं भाकऱ्यांचं घर आहे. आम्ही दोघी पहाटेच चुली पेटवायचो आणि दुपारपर्यंत अडीचशे कडक भाकऱ्या थापून व्हायच्या. खानावळीवाले आणि लग्नघरची माणसं येऊन त्या घेऊन जायची. अक्काची भाकरी पापडासारखी पातळ यायची. माझी जाड. “शिवलीला, ही भाकरी नव्हे, बैलाचा खूर आहे,” असं ती गिऱ्हाइकांसमोर म्हणायची. मी हसायचे, पण मनात लागायचं. सोळा वर्षांत तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, पाण्याचा तांब्यासुद्धा नाही.

वर्षभर तिच्या उजव्या कानात भुंगा घुमत होता. मग त्या कानाने ऐकू येईना, आणि चालताना ती भिंतीला धडकायला लागली. हुबळीला तपासलं तेव्हा कळलं की ऐकण्याच्या नसेवर लिंबाएवढी गाठ आहे. कर्करोग नव्हता, पण गाठ मेंदूला टेकली होती. ऑपरेशन नऊ तास चाललं. गाठ निघाली, उजवा कान कायमचा गेला. चेहऱ्याची नस तुटली नव्हती, पण चांगलीच ताणली गेली होती. अर्धा चेहरा ओघळला. उजवा डोळा मिटेना.

घरी सोडलं त्या दिवशी फिलोमिना सिस्टरने मला खाटेपाशी उभं केलं आणि सगळं पाठ म्हणवून घेतलं. डोकं दोन उशांवर उंच ठेवायचं. कमरेत वाकायचं नाही, घागर उचलायची नाही, शौचाला जोर करायचा नाही. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. डोळ्यात तासातासाला थेंब. झोपताना मलम घालून पापणी आधी बोटाने खाली ओढायची, मग पट्टी लावायची, नाहीतर पट्टीच डोळ्याला घासते. शेवटी ती म्हणाली, “बाकीचं एकवेळ विसरलीस तरी चालेल. नाकातून किंवा टाक्यांतून पाण्यासारखं पातळ काही आलं, खारट लागलं, तर सर्दी समजू नकोस. त्याच दिवशी घेऊन ये. ते मेंदूभोवतीचं पाणी असतं.”

मी ते तीनदा म्हणून दाखवलं.

घरी आल्यावर मी तिची खाट अशी फिरवली की चांगला, डावा कान दाराकडे राहील. उजव्या बाजूने कुणी जवळ गेलं की ती दचकायची, म्हणून सगळ्यांनी डावीकडूनच जायचं ठरलं. कडक भाकरी तिला चावेना. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकात कालवून द्यायचे. ती डाव्या दाढेने चावायची, आणि जेवण झालं की उजव्या गालात अडकलेलं मी बोटाने काढायचे. पहिल्यांदा काढलं तेव्हा तिने तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण एकाच डोळ्यातून. शेजारच्या शाळेची घंटा वाजली की मी थेंब घालायचे. सकाळी हात धरून तिला अंगणात चालवायचे, मान हळूहळू दोन्हीकडे वळवायला लावायचे. पन्नास पावलांत तिला घाम फुटायचा आणि ती मटकन बसायची.

तिला सगळ्यात जड गेलं ते बोलणं. ओठ मिटत नव्हते, त्यामुळे प, ब, म उमटेनात. एका खानावळीवाल्याचा फोन आला, तो तिने हट्टाने उचलला. त्याला वाटलं कुणीतरी दारू पिऊन बोलतंय. त्याने फोन ठेवून दिला. त्या दिवसापासून ती कुणाशी बोलेना. भावजी, म्हणजे तिचा नवरा कळकप्पा, टेम्पोवरून घरी आले की शेजारी बसायचे आणि दिवसभराचं सांगत राहायचे. ती छताकडे बघत पडलेली असायची.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी दळण आणायला गेले. परत आले तर चूल धुमसत होती. अक्का उकिडवी बसून, वाकून भाकरी थापत होती. उघड्या डोळ्यात धूर जात होता आणि तिला ते कळतही नव्हतं. तो डोळा बधिर होता. परातीत तीन भाकऱ्या होत्या, तिन्ही वाकड्या, एक मधोमध फाटलेली.

मी धावत जाऊन तिला काखेत हात घालून उठवायला लागले. तेवढ्यात तिच्या नाकातून थेंब पडला. तव्यावर चर्र झालं. मग दुसरा पडला, तिसरा पडला. पाण्यासारखा स्वच्छ. तिने ओठावरून जीभ फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. चव मला विचारावी लागली नाही.

“सिस्टर म्हणाली होती ना...” मी म्हणाले.

तिने माझं मनगट धरलं. एकेक शब्द बोटाने ओठ दाबून बोलली. “सांगू नकोस. परत डोकं उघडतील. मी त्या टेबलावरून उठणार नाही. तुला यल्लम्माची आण आहे, शिवलीला.”

मी म्हटलं, बरं.

त्या 'बरं'चा मी पुष्कळ विचार केला आहे. तिची भीती खरी होती आणि मीही भ्याले होते, हे आहेच. पण जिने सोळा वर्षं काही मागितलं नाही, ती आज माझा हात धरून मागत होती. त्याचं मला आत कुठेतरी बरं वाटलं. हे मी इथे पहिल्यांदाच सांगते आहे.

दोन दिवस आम्ही लपवलं. ती नाकात कापसाचा बोळा घालायची, भिजला की मी बदलायचे. भावजींना सांगितलं, सर्दी आहे. त्यांनी बाजारातून आलं आणलं, मी काढा केला, तिने तो घेतला. पाणी थांबेल म्हणून मी तिला उशांवर आणखी उंच बसवलं. थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं अंग तापलं. उजेड नको म्हणून तिने पदर डोळ्यांवर ओढला. मी मान उचलायला गेले तर ती लाकडासारखी ताठ, वाकेचना. माझं नाव विचारलं तर ती आईचं नाव सांगत होती.

भावजी टेम्पोत पोती चढवत होते. मी जाऊन सगळं सांगितलं.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“दोन.”

पोती उतरवून त्यांनी मागे गादी घातली. हुबळीपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर उंच धरून बसले होते. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची. मी यल्लम्माला सांगत होते, आण मोडली त्याचं पाप माझ्यावर घाल, पण हिला ठेव.

मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. पाठीतून नळी घातली, पुन्हा टाके उघडून गळती बंद केली. ती टेबलावरून उठली. पण पाच दिवस तिला शुद्ध नव्हती, आणि शुद्धीवर आली तेव्हा भावजी डाव्या बाजूने वाकून तिला हाका मारत होते आणि ती त्यांच्या ओठांकडे नुसती बघत होती. संसर्गाने डावा कानही गेला होता. डॉक्टर मला म्हणाले, पहिल्या थेंबाला आणलं असतं तर बहुतेक वाचला असता. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर पुन्हा थेंब, पट्टी, उशा, अंगणातली पन्नास पावलं, सगळं पहिल्यापासून. आता दोन्हीकडून शांतता होती. भावजी माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मी जेवायला वाढलं की मान न उचलता जेवायचे.

दोन महिन्यांनी मी पाटी घेतली आणि तिच्यासमोर बसून लिहिलं, 'माझ्यामुळे तुझा कान गेला.' तिने ते वाचलं. पाटी मांडीवर ठेवली.

“आण मी घातली होती,” ती म्हणाली. तिचे ओठ तोवर थोडे जुळायला लागले होते. मग म्हणाली, “पण तू मोडायला हवी होतीस.”

मी मान हलवली. पाटी पुसून टाकली.

आता दहा महिने झाले. उजव्या ओठाचा कोपरा हलतो, डोळा अर्धा मिटतो. उंच ओट्यावर गॅस घेतला आहे, म्हणजे वाकायला नको. तिथे ती उभी राहून पीठ मळते, एक हात कायम ओट्याला. भाकरी मी थापते. जाड झाली तर ती माझ्या हातावर चापट मारते.

तपासणीला हुबळीला गेलो की बाहेरच्या बाकावर तसल्याच ऑपरेशनची माणसं भेटतात. त्यांच्या बायका, बहिणी मला विचारतात, घरी नेल्यावर काय करायचं. मी पापणी कशी ओढायची ते दाखवते, कोणत्या बाजूने बोलायचं ते सांगते, आणि नाकातल्या पाण्याचं तर दोनदोनदा सांगते. अक्का शेजारी बसून माझे ओठ वाचत असते. मधल्या त्या दोन दिवसांपाशी आले की मी तिच्याकडे बघत नाही.