वीस लाठ्या

लोहाराच्या धाकट्या सुनेला जुळं झालं आणि त्यातलं एकच बाळ हाती लागलं, त्या सालची ही गोष्ट. त्याच साली गावच्या प्रमुखपदाला दोघे उभे राहिले. एक लोहाराचा मेहुणा, दोनदा निवडून आलेला. दुसरा गवंडी.

मतदानाच्या आदल्या दुपारी मेहुणा गाडीत वीस लाठ्या घालून भट्टीवर आला. प्रत्येकीच्या टोकाला लोखंडी कडं बसवून द्या म्हणाला. गवंड्याची माणसं दंगा करणार आहेत, आपण काय नुसतं बघत बसायचं? लोहाराने का-कू केली नाही. कडी लाल केली, लाकडावर चढवली, पाण्यात बुडवली. चर्र आवाज होऊन लोखंड लाकडाला आवळत गेलं. तासाभरात मेहुणा भरलेली गाडी घेऊन गेला.

सून बाळाला कडेवर घेऊन पाणी द्यायला आली होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"मामंजी, लोखंड घेताना तुम्ही ते दोरीला टांगून वाजवता. आतल्या तड्याने बद्द वाजलं तर सख्ख्या भावाचं असलं तरी परत करता. ही दोन माणसं कधी वाजवून पाहिलीत का?"

लोहार खेकसला. मेहुणा आपला माणूस आहे, त्याला काय वाजवायचं? आणि गवंडी? माझ्या बापाच्या मयताला खांदा देताना तो फिसकन हसला होता. तीस वर्षं झाली, ते हसू अजून कानातून जात नाही.

"का हसला, ते विचारलंत?"

लोहार भाता ओढू लागला. सून भांडं उचलून आत गेली. पुलाची आठवण करून द्यायची गरजही नव्हती. ती बाळंतपणात अडली तेव्हा तिला दवाखान्यात नेणारी गाडी मोडक्या पुलावर रुतली होती. तो पूल मेहुणा दोन निवडणुका बांधत होता. कमरेएवढ्या पाण्यात उतरून फळ्या टाकल्या त्या गवंड्याने. लोहार तेव्हा गाडीतच होता. फळ्या कुणी टाकल्या हे त्याने आजवर तोंडातून काढलं नव्हतं.

भट्टी विझली तरी तो बसून राहिला. मेहुण्याचं एक तरी काम आठवावं म्हणून डोकं खाजवलं. आठवलं एवढंच, की पंगतीला तो नेहमी आपल्या शेजारी बसतो.

सकाळी तो शाळेच्या आवारात गेला आणि मेहुण्याला म्हणाला, "लाठ्या परत दे."

"दाजी, डोकं तापलंय तुमचं. आधी मत टाका," मेहुणा हसत म्हणाला आणि त्याने आपल्या माणसांकडे बघून नुसती मान हलवली.

मेहुण्याची माणसं लाठ्या घेऊन मतदारांच्या रांगेवर तुटून पडली. एका म्हातारीचे पुढचे दात गेले. कुंभाराचा कान अर्धा लोंबायला लागला. गवंड्याच्या माणसांकडे काठी सोडा, छत्रीसुद्धा नव्हती. गवंडी रिकामे हात वर करून मध्ये आला. पहिली लाठी कपाळावर बसली, कातडी उलली, हाड दिसलं. दुसरी बरगड्यांवर बसली. बद्द आवाज आला. तो आवाज लोहाराच्या ओळखीचा होता. तिसरीच्या आड लोहाराने हात घातला आणि त्याच्याच कड्याने त्याचं मनगट मोडलं.

गवंड्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याने तीस वर्षांपूर्वीचं विचारलं.

गवंड्याने तोंडातलं रक्त थुंकलं. "तुझा बाप म्हणायचा, मी मेलो की मला डोक्याकडून उचल. तिकडं काही नाही, हलकं लागेल." त्याला धाप लागली. "खांदा दिला आणि आठवलं रे. जड होता म्हातारा."

त्याला गाडीत घालून दवाखान्यात पाठवल्यावर लोहार रांगेत उभा राहिला. मोडलेला हात फडक्याने गळ्यात बांधला होता. डाव्या हाताने त्याने गवंड्याच्या निशाणीवर शिक्का मारला. वाकडा बसला, पण चौकटीत बसला. बाहेर येऊन त्याने फौजदाराला सांगितलं की लाठ्यांना कडी मी बसवली, आणि त्या कुणी नेल्या तेही सांगितलं. घरात बायको महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.

मेहुणा अकरा मतांनी निवडून आला.

गवंडी मतदानानंतर तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी मेला. त्याचं मयत उचलताना लोहार डोक्याकडे उभा राहिला. जड तिकडेच लागलं.

गवंडी मतदानानंतर तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी मेला.