पेडलवर माझा पाय

अठ्ठावीस वर्षं मी ड्रायव्हरच्या सीटवर बसते आहे आणि गाडी अजून वीतभरसुद्धा चालवलेली नाही. मी यशोदा, कोरगावात गॅरेज चालवणाऱ्या सखाराम मेस्ताची, म्हणजे मेकॅनिकची, बायको. ब्रेकचं काम आलं की तेलात शिरलेली हवा काढावी लागते, नाहीतर ब्रेक नीट लागत नाही; तेव्हा हे गाडीखाली आणि मी पेडलवर. खालून हाक येते, "मार!" मी तीनदा पंप मारते. "धर!" मी दाबून धरते. हे चाकाजवळचं निपल, म्हणजे हवा सोडायचा पोकळ स्क्रू, सैल करतात, तेलाबरोबर हवा फुसफुसत निघते, निपल आवळलं की "सोड!" मध्येच धावत जाऊन भाजी ढवळून यायची. असा माझा संसार.

त्या रविवारी शाळेची व्हॅन आली होती. पुढचा ब्रेकचा पाइप गंजून गळत होता, तो ह्यांनी नवा घातला. हातासरशी पुढच्या दोन्ही चाकांना ब्रेक आवळणारी कॅलिपरंही काढून साफ केली. मग आम्ही एअर काढायला बसलो. तीनदा काढली. तेल स्वच्छ, एक बुडबुडा नाही. तरी पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला! दुसऱ्या दाबाला मात्र कडक.

"चालतंय काकी," व्हॅनचा ड्रायव्हर प्रज्योत म्हणाला. "मी दोनदा मारीन. उद्या सातला पोरांना आणायला जायचंय."

"झालं काम. उतर खाली," हे मला म्हणाले.

माझं पित्तच खवळलं. "हळर्णच्या उतारावर एखादं पोर आडवं आलं, तर तुमचा दुसरा दाब होईपर्यंत ते थांबणार आहे का?"

"तुझं काम पेडल मारायचं. मेस्त मी आहे."

पालथ्या घड्यावर पाणी! मी चावी काढली, कमरेला खोचली आणि सीटवर मांडी ठोकून बसले. "आत हवा आहे. माझा पाय सांगतोय. तुम्ही खुशाल ओरडा."

ओरडलेच. मग नाइलाजाने शोधायला लागले. सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसले, कुठे ओल नाही. मागचा रबरी पाइप चिमट्याने दाबून धरला, पेडल तसंच खाली. पुढचे दोन्ही दाबले आणि पेडल दगडासारखं झालं. म्हणजे हवा पुढेच, कॅलिपरांत. "पण निपलातून तेल तर स्वच्छ येतंय गे!" म्हणत हे डोकं खाजवत बसले.

मी उतरले, टॉर्च घेतला आणि चाकाशी वाकले. अगो बाय! निपल खाली तोंड करून बसलेलं.

"अहो, पेजेच्या टोपात बुडबुडे वर येतात की खाली जातात?"

हे माझ्या शेजारी वाकले. डावं कॅलिपर उजवीकडे बसवलं होतं, उजवं डावीकडे. त्यामुळे निपल गेलं बुडाशी. तेल खालून निघत होतं आणि हवा वर मजेत बसली होती. अठ्ठावीस वर्षं हेच काम करणाऱ्या मेस्ताने केलेली चूक! ह्यांचे कान लालबुंद झाले.

प्रज्योत तिकडे जुन्या टायरवर बसून चहा पीत होता. त्याला यातलं काही कळलं नव्हतं. हे गप्प राहिले असते तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि मीही कुणाला सांगितलं नसतं. पण हे उठले आणि मोठ्याने म्हणाले, "प्रज्योत, चूक माझी. कॅलिपरं मी उलटसुलट लावली. हिने पकडलं." खरं सांगते, लग्नात हार घालतानाही मला ह्या माणसाचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

कॅलिपरं अदलाबदल करून पुन्हा मार, धर, सोड. या खेपेला निपलातून नुसता फेस आला. हळूहळू फेस संपला, तेल संथ झालं.

प्रज्योतने कप ठेवला. "मेस्त, नेऊ ना आता?"

हे फडक्याला हात पुसत राहिले. "मला काय विचारतोस? तिला विचार. ती हो म्हणेपर्यंत ब्रेकच्या कामाची एकही गाडी माझ्या गॅरेजातून हलणार नाही. आजच नाही, कधीच."

प्रज्योत माझ्याकडे वळला. आजवर चहा सोडून त्याने मला काही विचारलं नव्हतं. "काकी, नेऊ?"

मी सीटवर चढले, पाय ठेवला आणि दाबला. पेडल वरच थांबलं.

"ने," मी म्हटलं.