एक्क्याऐंशीवा अर्ज

वसतिगृहात मतदार नोंदणीचे अर्ज कोण जास्त भरून घेतं, यावरून एका मुलीच्या पोटात महिनाभर दुखत होतं. हिच्या खोलीतली मैत्रीण नुसती हसली तरी पोरी तिच्यापुढे रांग लावायच्या. हिला मात्र दारोदार फिरून घसा कोरडा करावा लागे. तरी शेवटी हिचे एक्क्याऐंशी झाले, मैत्रिणीचे ऐंशी. मग काय, हिचं नाक आभाळाला टेकलं.

मतदानाच्या दिवशी रांगेत हिला एकदम आठवलं. सगळ्या गडबडीत स्वतःचा अर्ज भरायचाच राहिला होता! पण टेबलामागच्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आहे की नाव. करा सही."

बोटाला शाई लावून ही बाहेर आली, तर मैत्रीण वाटच बघत होती.

"तू विसरणार, ठाऊक होतं मला. त्या दिवशी न वाचता सही ठोकलीस ना, तो तुझाच अर्ज. मी भरलेला. मोजला नाही हं मी."

हिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तिचेही एक्क्याऐंशी, बरोबरी! आणि वर आभार मानायचे?

"आधी सांगायला काय झालं होतं?" ही फणकारली. "अजून एक पोरगी गाठली असती मी."