मुठीत उकळणारं तीर्थ

"उकळलं! उकळलं!"

गर्दी एकदम मागे सरली. ठमाबाईच्या मुठीतल्या काचेच्या नळीत तीर्थ खदखदत होतं. खाली ना चूल, ना विस्तव!

"बघा रं!" सहादू भगत गरजला. "बाकीच्या बायांच्या हातात गार ऱ्हायलं. पाप घावलं तसं उसळलं! सावित्रीचं पोर हिनंच खाल्लं. ही भुताळी हाय!"

पेठकडच्या त्या पाड्यावर सावित्रीबाईचं तान्हं पोर नुकतंच तापानं गेलं होतं. ठमाबाई विधवा, एकटी. तिची भाची ज्योत्स्ना नाशिकच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. आत्याला भेटायला म्हणून आली आणि हे पाहून थिजली. पुरुषांच्या हातात काठ्या होत्या आणि आता कोणी ओरडत नव्हतं. त्या गप्पपणाचीच तिला जास्त भीती वाटली.

"अमावस्येच्या आत गाव सोड," पोलीसपाटील मोतीराम ठमाबाईला हळूच म्हणाला. "मंग आमच्या हाती काय नाय."

ठमाबाईच्या हातून नळी गवतात पडली. भीतीनं कोणी तिला शिवेना. भगताजवळ आणखी नळ्या होत्या, त्यानंही लक्ष दिलं नाही. ज्योत्स्नाने ती उचलून तिचं सैल झालेलं बूच घट्ट दाबलं. गोडसर, उग्र वास तिच्या नाकात शिरला, आणि तिला आठवलं: बाकीच्या बायांचे हात 'शुद्धी'साठी ओढ्याच्या गार पाण्यात धुवायला लावले होते. आत्याचे तळवे मात्र 'अग्नीच्या साक्षीनं' धुनीवर धरले होते. नळी मात्र भगत धुनीपासून लांब ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने दिवा पेटवलाच नाही. बूच काढून नळी पाण्यात धरली, थर्मामीटर लावला आणि थोडंथोडं गरम पाणी ओतत गेली. पारा पस्तिशीला टेकायच्या आत बुडबुडे सुटले. पाणी असतं तर शंभराच्या आसपास उकळलं असतं. हे ईथर होतं, पूर्वी दवाखान्यात भूल द्यायला वापरायचे ते. शेकलेल्या तळहाताची ऊबही त्याला पुरे होती.

अमावस्येच्या सकाळी ती पाड्यावर पोचली. आत्याच्या दारासमोर काठ्या जमल्याच होत्या.

"मोतीरामदादा, एक बादली गार पाणी, एक गरम. विस्तव आणू नका, हे भडकन पेटतं." ज्योत्स्नाने तीच नळी बाहेर काढली.

"देवाची परीक्षा घेते व्हय?" भगत ओरडला.

"देवाची नाही, नळीतल्या औषधाची."

"माझ्या हातात द्या," गर्दीतून सावित्रीबाई पुढे आली.

तिने गार पाण्यात हात बुडवून नळी धरली. काही झालं नाही. मग गरम पाण्यात हात शेकले, पुसले, आणि नळी पुन्हा मुठीत घेतली. तीर्थ खदखदलं.

सावित्रीबाई नळीकडे बघत राहिली. "माझ्या हातात उकळलं," ती म्हणाली. "म्हंजी माझं पोर म्याच खाल्लं का रं, भगत?"

भगताने पिशवी उचलली. मोतीराम वाटेत आडवा झाला.

"मंग गेलं कशानं?" तिने ज्योत्स्नाला विचारलं.

"मला माहीत नाही, सावित्रीताई. रक्त तपासलं असतं तर कळलं असतं." ज्योत्स्ना सगळ्यांकडे वळली. "ताप आला तर दवाखाना गाठा. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर बाईवर काठी उचलायच्या आधी एवढं विचारा, हे पुन्हा, आमच्या हातानं करून दाखवशील का?"

एक काठी खाली पडली, मग दुसरी. तिसरी बराच वेळ पडली नाही.