देण्याघेण्याच्या साड्या

सासूची खोली रिकामी करायला घेताना सोनिकानं नाकातोंडाला ओढणी बांधली. धूळ फार होती म्हणून नाही. आपल्याला या खोलीबद्दल काय वाटतं ते सासूला दिसावं म्हणून. तिरोड्याच्या या घरात लग्न करून आली तेव्हापासून ती ही खोली सहन करत होती. आज मुहूर्त लागला होता. दुपारी गोंदियाहून मशीनवाले येणार होते आणि फरशीपासून छतापर्यंत सगळं घासून देणार होते. फोनवर त्यांनी बजावलं होतं, "मैडम, कमरा पहले पूरा खाली रखना."

आणि संध्याकाळी देवरीकडच्या खेड्यातून तिची माय, सुशिलाबाई, येणार होती. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशननंतर धुळीत राहायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे ती पहिल्यांदाच लेकीच्या घरी मुक्कामाला तयार झाली होती. तिच्यासाठी ही खोली, आणि सासूची खाट व्हरांड्यात. या घरात आपल्या मायला कोणी कमी लेखू नये, एवढं एकच सोनिकाला हवं होतं.

खोलीत काय नव्हतं? कान तुटलेल्या कढया, भोकं पडलेल्या मच्छरदाण्या, न पेटणारे टॉर्च, युरियाच्या धुऊन घडी घातलेल्या पिशव्या. मोबाइलवरच्या एका बाईनं सोनिकाला शिकवलं होतं की वर्षभर जिचा उपयोग झाला नाही ती वस्तू घरात ठेवू नये. त्या हिशेबानं आधी म्हातारीलाच बाहेर काढावं लागेल, असं मनात येऊन तिला हसू फुटलं.

खरा तमाशा लोखंडी पेटीत होता. पेटी वरपर्यंत देण्याघेण्याच्या साड्यांनी भरलेली. लग्नात मिळालेल्या, बारशात मिळालेल्या, तेरवीत मिळालेल्या. असल्या साड्या कोणी नेसत नाही. त्या एका घरून येतात, पेटीत झोपतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी जातात. एसटीच्या बससारख्या नुसत्या फिरत राहतात. बसमध्ये निदान माणसं तरी बसतात. आणि या साड्यांच्या पदराला फुलवंताबाईनं, म्हणजे सासूनं, रंगीत धागे बांधून ठेवले होते. एकेका पाहुण्याचा एकेक रंग. सोनिकानं कात्री घेतली आणि धागे कचाकच कापत सुटली.

"ते धागे नको कापू वो," दारात बसलेली फुलवंताबाई म्हणाली. "कोणाची कोणती, ते त्याच्यावरच समजते. ज्याची त्यालेच परत गेली तं नाक कटते."

"आता कोणालेच नाही जात, आई. भांडेवालीले देऊन राहिली मी सगळ्या. एखादं पातेलं तरी येईन घरात."

"मंग लाल धाग्याची तेवढी दे मायाजवळ."

सोनिकानं केरभरणीतला धाग्यांचा गुंता तिला दाखवला. "आता लाल कोणती अन् निळी कोणती, मले काय माहीत?"

तेवढ्यात धागे कापलेल्या ढिगातून, पेटीच्या तळाशी निघालेली एक पोपटी साडी तिच्या हाती आली. काठाला चकाकणारी जर, हाताला प्लास्टिकसारखी. सोनिकानं ती दोन बोटांत धरून वर उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी. "हे पाहा आई. असा पोपटी तं पोपटही नसतो. कोणा भिकारड्यानं देली असन? लोकायले देताना लाजही नाही वाटत."

बाहेर दाढी करत असलेला तिचा नवरा, भुवनेश्वर, खो खो हसला. फुलवंताबाईनं साडीकडे पाहिलं, मग सुनेकडे. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि शेजारच्या रेणूच्या ओट्यावर जाऊन बसली. हरली म्हातारी, सोनिकाला वाटलं.

मशीनवाले आले, घरघर करून गेले. खोली आरशासारखी चकचकीत झाली. सगळ्या साड्यांचं बोचकं बांधायला सोनिकानं ती पोपटीच घेतली. पाणीच ओढत नाही असलं कापड, फडक्यालाही नालायक. बांधायला तरी कामी आलं. बोचकं दाराशी ठेवलं, पण भांडेवाली त्या दिवशी फिरकलीच नाही.

दिवे लागायच्या वेळी भुवनेश्वर बसस्टँडवरून सुशिलाबाईला हाताला धरून घेऊन आला. त्यानं चपला काढायला हात सोडला आणि सुशिलाबाई बोचक्याला अडखळली. तोल सावरायला तिनं बोचक्यावरच हात टेकवला.

"काय आहे वो बाई हे?"

"काही नाही माय, कचरा आहे. तू आत चाल."

मायचा हात हलेना. नजर गेल्यापासून तिला हातानंच पाहायची सवय लागली होती. काठामागच्या फॉलवरून तिची बोटं सावकाश सरकली, थांबली, पुन्हा मागे आली.

"हा फॉल तं माया हातचा आहे," ती म्हणाली. "एक टाका लांब, एक आखूड. तुया लग्नात तुले न दाखवताच इहीनबाईले देली होती थे साडी. देवरीच्या बजारात अख्खा दिवस फिरली होती मी. मनासारखी भेटतच नव्हती." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "कचऱ्यात काऊन आहे?"

सकाळचा आपलाच शब्द आठवून सोनिका शरमेनं मेली. भुवनेश्वर चपलांकडे पाहत राहिला.

ओट्यावरून फुलवंताबाई उठून आली. "कचरा कायचा, इहीनबाई? तुमची साडी मी पेटीच्या तळाशी, लाल धागा बांधून ठेवली होती. कोणाले देली नाही कधी. आज सामान हलवाचं होतं, तं मीच म्हटलं सोनिकाले, त्याच्यातच बांध, मजबूत आहे."

"मजबूत तं आहेच," माय खुलली. "दुकानदारही असाच म्हणे. पोपटीच आहे ना थे? मले आता रंग नाही समजत."

"पोपटीच आहे. बहूत चांगला रंग आहे," फुलवंताबाई म्हणाली आणि तिनं सोनिकाकडे पाहिलं. सकाळी सोनिकानं साडीकडे पाहिलं होतं, अगदी तसंच.

मग विहिणीचा हात धरून ती तिला आपल्या खोलीत घेऊन गेली.